आतला पॅड संपला, बाहेरचा तसाच

मे महिना म्हणजे आमच्याकडे आगोटीची घाई. घर शाकारायचं, लाकडं पडवीत रचायची, पावसाच्या बाजूला झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायची, मीठमसाला भरून ठेवायचा. यंदा या यादीत मी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड टाकले. ब्रेक दाबला की डाव्या चाकातून बारीक किरकिर यायची आणि जरा जोरात दाबला तर गाडी किंचित उजवीकडे जायची. सपाटीवर असं चालून जातं. पण आमचं गाव गुहागर तालुक्यात, ताई दिली आहे कऱ्हाडला आणि मध्ये कुंभार्ली घाट. पावसाळ्यात तिथे धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचे मागचे दिवे दिसतात तेच अगदी जवळ आल्यावर. तेव्हा ब्रेक सरळ रेषेत लागायला हवा.

आधी एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या माणसाने चाक न काढताच पॅड, डिस्क, दोन्ही कॅलिपर असा सगळा हिशोब सांगितला. कारण काय, तर "खारी हवा आहे ना साहेब." हवा खारी आहे हे मला मान्य, जन्म गेला तिच्यात. पण चाक न काढता आतलं कसं कळलं, ते मी विचारलं नाही. गाडी घरी आणली.

शेजारचे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. आयुष्य हवेच्या ब्रेकवर गेलं, तरी लहान गाडीचं काम त्यांना अंगठ्याखालचं. ते म्हणाले, "सामान मागाहून आण. आधी चाक काढ आणि बघ काय ते. मी खुर्चीवर बसून सांगेन, हात तुझे चालव. माझे गुडघे आता खाली बसत नाहीत."

खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी उचलायची म्हणजे पहिला प्रश्न जमिनीचा. सारवलेल्या खळ्यात जॅक रुततो. म्हणून जॅकखाली फणसाच्या लाकडाची जाड फळी घातली. दुसरा प्रश्न आधाराचा. आमच्याकडे गाडीखाली सर्रास जांभ्याचे चिरे लावतात, कारण चिरे प्रत्येक घरामागे पडलेले असतात. अण्णांचा त्याला ठाम विरोध. जांभा हा भोकाभोकांचा दगड. भिंतीत सगळीकडून सारखा भार असतो म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. पण लोखंडाची कड एकाच जागी टोचली की त्याचा कोपरा कधी उडेल सांगता येत नाही, आणि तेव्हा आपलं डोकं खाली असतं. म्हणून लोखंडी जॅक स्टँडची जोडी चिपळूणहून आणली. चिरे वापरले ते फक्त मागच्या चाकांना ओट म्हणून, चाक घरंगळू नये यासाठी. शिवाय हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि काढलेलं चाकही गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवलं. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. वर उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि जॅक हलतो. नट निघाले तरी चाक काही निघेना. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मधल्या गोल भागावर गंजाने ते घट्ट चिकटून बसलं होतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचंच. उपाय सोपा आहे: दोन नट चार-पाच आट्यांवर परत लावून ठेवायचे आणि टायरला बाजूने लाथा घालायच्या. नट असल्यामुळे चाक सुटून अंगावर येत नाही. तिसऱ्या-चौथ्या लाथेला ते सुटलं. मुलं पडवीत बसून मोजत होती.

चाक निघालं की सगळं समोर येतं. लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, तिच्यावर चिमट्यासारखा बसलेला कॅलिपर, आणि चिमट्याच्या दोन ओठांत दोन पॅड. बाहेरचा पॅड नुसता वाकून दिसतो. तो चांगला जाड होता, सात मिलिमीटर तरी असेल. नवीन पॅडचं घासणारं अस्तर साधारण दहा मिलिमीटरचं असतं आणि तीनच्या खाली गेलं की बदलायचं, असा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे वरवर बघितलं तर पॅड अजून वर्षभर चालले असते. मग किरकिर कसली?

अण्णा खुर्चीवरून म्हणाले, "आतला बघ."

आतला पॅड बघायला कॅलिपर उघडावा लागतो. मागच्या बाजूला दोन बोल्ट असतात. खालचा काढला की वरच्या बोल्टभोवती कॅलिपर दारासारखा वर उचलला जातो. माझ्या गाडीला चौदाची गोटी (सॉकेट पाना) लागली. बोल्ट निघाला, पण कॅलिपर उचलेना. पकडीने, हाताने, शेवटी लाकडाने ठोकत ठोकत वर घेतला. आतला पॅड बाहेर काढला तर अस्तर दीड मिलिमीटरसुद्धा नव्हतं. त्याच्या कडेला असलेली पत्र्याची छोटी जीभ डिस्कला टेकून घासत होती. किरकिर तिची. पॅड संपत आला की आवाज व्हावा म्हणून ती मुद्दाम बसवलेली असते.

एकाच चाकातला एक पॅड जाड आणि दुसरा खलास, हे का होतं ते इथे नीट सांगतो, कारण माझ्या मते या कामातलं खरं शिकण्यासारखं तेवढंच आहे. बहुतेक लहान गाड्यांत कॅलिपरला पिस्टन एकच असतो आणि तोही आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क जागची हलत नाही, त्यामुळे पिस्टनचा रेटा उलटा कॅलिपरवर येतो आणि अख्खा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो. सरकताना तो बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. हे सरकणं होतं दोन गुळगुळीत पिनांवर. त्या पिना ग्रीसमध्ये, रबरी टोपणाच्या आत असतात. टोपण चिरलं, आत पाणी गेलं, ग्रीस सुकलं, की पिन गंजून भोकात अडकते. मग कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो आणि सगळा भार आतल्यावर. डाव्या चाकाची पकड अशी अर्धी झाली की ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे जाणारच.

डावंच चाक का, याचा माझा अंदाज असा: आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, आणि आमच्या रस्त्यांवर पावसाळाभर पाणी आणि तांबडी माती वाहते ती त्याच कडेला. अण्णा म्हणाले, "असेलही. आणि नसेलही. पिन काढ."

वरची पिन थोड्या खटपटीत निघाली. खालची हलेना. गंज सोडवणारा स्प्रे मारला, चहा घेतला, परत मारला. मग पाना लावून एक रेघ घड्याळाच्या दिशेने, एक रेघ उलट, असं नुसतं हलवत राहायचं. ओढायचं नाही. ओढायला गेलं की पिन वाकते आणि मग ती ज्यात बसते ते ब्रॅकेटच बदलावं लागतं. रबर असल्यामुळे स्टोव्ह-बर्नर लावून तापवायचा मार्गही बंद. दुपारचं जेवण झालं, अण्णांची वामकुक्षी झाली, तरी माझं आपलं रेघ पुढे, रेघ मागे चालूच. मग कधीतरी पाना एकदम अर्धा फिरला. त्यानंतर पिन फिरवत फिरवत बाहेर आली ती तपकिरी, कोरडी पूड घेऊनच. ग्रीसचं नावही नव्हतं. रबरी टोपणाला घडीवर बारीक चीर होती, नखाने ताणली तेव्हाच दिसली.

मग सामानाची यादी केली. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड, कारण एका बाजूचे नवे आणि एका बाजूचे जुने असं कधी करायचं नाही, गाडी परत एकीकडे ओढते. पिनांच्या रबरी टोपणांचं किट. ब्रेक क्लीनरचा डबा. आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. दुकानदार बेअरिंगचं साधं ग्रीस देत होता, म्हणाला सगळे हेच लावतात. पेट्रोलियमपासून केलेल्या साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. तेव्हा ग्रीसच्या बाबतीत दुकानदाराशी हुज्जत घालावी. सगळं मिळून खर्च गॅरेजच्या आकड्याच्या पाव हिश्श्याइतकाही आला नाही. जॅक स्टँड आणि गोट्यांचा सेट त्यात धरलेला नाही, ती घरात राहणारी वस्तू.

साफसफाईला वेळ गेला आणि तो जावाच. पिना बारीक पॉलिश पेपरने घासल्या, भोकं काडीला फडकं गुंडाळून साफ केली. वरची आणि खालची पिन दिसायला सारखी असली तरी एकीच्या टोकाला रबराची चुडी होती. त्या अदलाबदल करायच्या नाहीत. ग्रीस पातळ थरात लावायचं. भोक ग्रीसने भरलं तर हवा आत कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. पिन बसवल्यावर टोपणाची कड चिमटीत धरून जराशी उघडली, फुस्स करून हवा गेली, मग बसवली. आता कॅलिपर एका बोटाने सरकत होता.

पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे स्टीलच्या क्लिपा असतात. त्या काढल्या तर त्यांच्या खाली गंजाचे पापुद्रे. गंज फुगतो, क्लिप वर उचलतो आणि पॅड खाचेत आवळला जातो. पिन मोकळी केली आणि हे तसंच ठेवलं तर निम्मं काम फुकट. तारेच्या ब्रशने खाचा लोखंड दिसेपर्यंत घासल्या. हबचा चिकटलेला भागही त्याच हाताने घासून टाकला. एक गोष्ट मात्र पाळली: ब्रेकची काळी धूळ फुंकून उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत, आणि आताच्या पॅडची धूळही फुप्फुसात जावी अशी नव्हे. तोंडावर फडकं बांधलं आणि क्लीनर मारून ओलं करून पुसलं.

डिस्क बदलायला हवी का, हा गॅरेजचा मुद्दा होता. त्याचं उत्तर डिस्कवरच कोरलेलं असतं. किमान जाडी किती चालते तो आकडा कडेला असतो. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजलं, पुष्कळ शिल्लक होती. कडेला गंजाची धार होती आणि घासल्या जाणाऱ्या भागावर बारीक रेघा, पण नख अडकेल अशी एकही नाही. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर जो तांबूस थर दिसतो त्याला घाबरायचं कारण नाही. गाडी काढल्यावर पहिल्या चार ब्रेकांत तो निघून जातो.

पिस्टन मागे ढकलायच्या आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली. पॅड झिजत जातात तसा पिस्टन पुढे येतो, त्याच्या मागची जागा तेलाने भरते आणि बाटलीतली पातळी खाली जाते. सर्व्हिसिंगला कोणीतरी ती वरपर्यंत भरून ठेवलेली असते. आता पिस्टन मागे गेला की तेवढं तेल उलटं वर येणार आणि बाटलीबाहेर सांडणार. हे तेल रंग खातं. म्हणून सुई नसलेल्या सिरिंजने थोडं काढून घेतलं आणि बाजूला पाण्याची बादली ठेवली. काढलेलं तेल चहाच्या रंगाचं होतं. नवं असतं ते जवळजवळ पाण्यासारखं, फिकट पिवळं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि आमच्या हवेत पाण्याला तोटा नाही. या तेलाची प्रत डॉटच्या आकड्याने सांगतात. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शिरलेल्याचा १४० पर्यंत उतरला तरी चालतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. आता हे घाटाशी जोडून बघा. हजार किलोची गाडी अर्धा किलोमीटर उंची उतरते तेव्हा साधारण ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. एवढ्या उष्णतेत सोळा-सतरा लिटर पाणी उकळीला येईल. गिअरवर उतरलं तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक धरून उतरलं तर जवळजवळ सगळी उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये, तिथून तेलात. तेलातल्या पाण्याची वाफ झाली की पेडल मऊ पडतं, कारण वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल टाकणारे आमच्याकडे कमी नाहीत. अण्णांचं त्यांच्याविषयीचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

पिस्टन मागे ढकलायला सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा सी आकाराचा शिकंजा) वापरला. पिस्टनच्या तोंडावर जुना पॅड आडवा धरायचा म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो, आणि स्क्रू सावकाश आवळत जायचं. पिस्टनचं रबर शाबूत होतं, त्यावर गंज नव्हता. तो गंजलेला असता किंवा कडेने तेल पाझरलेलं दिसलं असतं तर मी इथेच थांबून गाडी टो करून नेली असती. पूर्ण उतरवलेला कॅलिपर तेलाच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. मी पिना काढताना तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला होता. (हे सगळं पुढच्या ब्रेकांचं. मागेही डिस्क असतील तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर प्रकार आणखी वेगळा. माझ्या गाडीला मागे ड्रम आहेत.)

नवे पॅड बसवणं हे या सगळ्यातलं सर्वांत छोटं काम. क्लिपा बसवल्या, कानांना ग्रीसचा नुसता हात फिरवला, अस्तराला बोटसुद्धा लागू दिलं नाही. पत्र्याची जीभ असलेला पॅड आत, जीभ जुन्या पॅडला होती त्याच बाजूला. उघडायच्या आधी फोनवर फोटो काढून ठेवले होते आणि दोन्ही चाकं एकदम उघडली नव्हती, त्यामुळे शंका आली की उजवीकडे जाऊन बघता येत होतं. उजव्या चाकाचं काम डाव्याच्या मानाने चटकन उरकलं. तिथल्या पिना हाताने ओढल्या आणि आल्या.

चाकं लावली, नट आडवे-उभे आवळले, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळले. मी किल्ली घेऊन बसलो तेवढ्यात अण्णा खुर्चीवरून उठलेच. "आधी पंप कर हो. चावी राहू दे."

पिस्टन मागे ढकललेला असतो, पॅड आणि डिस्कमध्ये मोकळी जागा असते. अशा वेळी पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. आमच्या खळ्यातून बाहेर पडलं की लगेच उतार आणि खाली पऱ्या, म्हणजे ओढा. पेडल दाबत गेलो, चार-पाच दाबांनंतर ते वर येऊन घट्ट झालं. मग बाटलीतली पातळी पाहिली, इंजिन चालू केलं, परत दाबून बघितलं, आणि खळ्यातल्या खळ्यात पावलाच्या वेगाने पुढे-मागे केलं. तेवढं झाल्यावर बेडं (फाटक) उघडलं.

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, एसटीची पहिली गाडी जायच्या आधी, शृंगारतळीकडच्या रस्त्याला गाडी काढली. मोकळा पट्टा आणि मागे कोणी नाही असं बघून पन्नासच्या वेगावरून दहा-पंधरावर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मग थोडं चालवून थंड होऊ द्यायची. असं आठ-दहा वेळा. याने अस्तराचा एक पातळ सारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या पॅडवर गाडी दाबून उभी केली तर त्या जागी डाग पडतो आणि पुढे पेडल थरथरतं. मध्ये जळका वास आला, तो नव्या पॅडचा असतो. घरी आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन ऊब बघितली, डिस्कला हात न लावता. दोन्हीकडे सारखी होती. कॅलिपर कुठे अडकलेला असता तर त्या बाजूला भट्टी लागली असती. गाडी आता सरळ थांबते.

कऱ्हाडला जाऊन आल्यावर नट परत आवळून घेतले. ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं काम राहिलं आहे. नळ्यांतली हवा काढायला पेडलवर दुसरा माणूस लागतो, त्यासाठी पुतण्या मुंबईहून गणपतीला येईल. तोवर घाट गिअरवरच. आणि पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर मी हँडब्रेक ओढत नाही. मागच्या ड्रममध्ये लायनर (ब्रेकचं अस्तर) चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवतो, चाकाला चिरा लावतो.

वाडीत ही गोष्ट पसरली तशी दोघांनी आपापल्या गाड्या आणू का म्हणून विचारलं. दुसऱ्याच्या ब्रेकला मी हात लावणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. पाने न्या, सी-क्लॅम्प न्या, जॅक स्टँड न्या. हवं तर मीही येऊन खुर्ची टाकून बसतो. अण्णांचं म्हणणं, खुर्ची माझी आहे, तू खाली बस.